जुन्या गावातनं उचलून आणलेलं घर: कामाच्या नोंदी

३ डिसेंबर २०२३, रविवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय. एकदा काम सुरू झालं की कुठलं लाकूड कुठनं काढलं हे पंधरा दिवसात डोक्यातनं जातं, आणि ह्या घरात सगळं महत्त्व त्यालाच आहे.

घर इंदापूर तालुक्यात, उजनीच्या काठावरच्या नव्या गावठाणात. नवं म्हणजे १९७८ चं. जुनं गाव भीमेच्या काठाला होतं ते धरणात गेलं. धरण १९८० ला पूर्ण झालं पण गावं त्याच्या आधीच उठायला लागली होती, तेव्हा आबांनी म्हणजे माझ्या आजोबांनी जुना वाडा स्वतः उभं राहून उतरवला, खांब, तुळया, कड्या, पाट, चौकटी, दारं, घडीव दगड सगळं बैलगाड्यांनी आणि शेवटी शेवटी एका ट्रॅक्टरनं इथं आणलं आणि त्याच सामानात हे घर उभं केलं. जुना वाडा नऊ खणांचा होता (दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण), मधे चौक. नवा प्लॉट लहान मिळाला म्हणून हे पाच खणांचं झालं आणि चौक गेलाच. कागदावर घराचं वय पंचेचाळीस, पण लाकूड आबांच्या आजोबांच्या वेळचं आहे असं घरात सगळे सांगतात, आणि खांबांची घडण बघितली की पटतं.

आता घराची अवस्था. पश्चिमेच्या भिंतीनं पोट काढलंय. माळवद म्हणजे मातीचं छत दोन ठिकाणी गळतं. मधल्या तुळईचं भिंतीबाहेर आलेलं टोक काळं पडलंय. आणि नव्वदच्या दशकात कुणीतरी बाहेरनं सिमेंटचा गिलावा मारलाय तो फुगून सुटतोय.

गेल्या महिन्यात एक लाकूडवाला येऊन गेला. पुण्याच्या आसपासच्या फार्महाऊसला जुन्या वाड्याचं सागवान लागतं, घनफुटावर भाव बोलला, वर म्हणाला घर पण आम्हीच पाडून देतो. तात्या (मोठे चुलते, ते तिथंच राहतात) थोडे विचारात पडले होते, खरं सांगायचं तर भाव तसाच होता. अण्णा (माझे वडील) काहीच बोलले नाहीत. रात्री गाडीत बसताना मला एवढंच म्हणाले, "तू सिव्हिल शिकलीयस ना, मग एकदा बघ की." म्हणून हे काम.

१७ डिसेंबर २०२३

दिवसभर मापं घेतली. खांब चौदा, त्यातले दहा दगडी उथळ्यांवर (खांबाखालच्या बैठकीच्या दगडांवर) आणि चार सिमेंटच्या ठोकळ्यावर. तात्या म्हणाले चार उथळे तिकडंच राहिले, शेवटची खेप करायच्या आत पाणी आलं. खांबापासून खांबाचं अंतर सगळीकडं पाच फूट नऊ इंच, अर्ध्या इंचाचाही फरक नाही. पहिल्यांदा नवल वाटलं, मग डोक्यात उजेड पडला की असणारच, कारण तुळईतल्या खाचा जुन्या आहेत आणि खांबाची कूस (डोक्यावरचं खाचेत बसणारं टोक) त्याच खाचेत बसवायची तर अंतर बदलता येत नाही. प्लॉट बदलला, गाव बदललं, पण खणाचं माप लाकडानं सोबत आणलं.

दुपारी सोप्यातल्या (ओसरीतल्या) एका तुळईवरचा ऑईलपेंट खरवडत होते (हिरवा, त्याच्याखाली निळा, त्याच्याखाली धुरानं काळं झालेलं मूळ लाकूड) तर पटाशीनं मारलेल्या तीन उभ्या रेघा दिसल्या, बोटभर लांबीच्या. शेजारच्या खांबाच्या डोक्याला पण तीनच. पुढच्या खांबाला चार. फोटो काढले.

७ जानेवारी २०२४

सुतारमामा आले. वय सत्तरीच्या पुढं, त्यांचे वडील आबांसोबत वाडा उतरवायला होते. रेघा बघितल्या बघितल्या बोलले, "ह्या आमच्या न्हाईत, ह्या मूळच्या सुताराच्या. आमच्या बापाचं आकडं डांबराचं, वरच्या अंगाला बघा." शिडी लावून तुळईच्या वरच्या अंगावर, कड्या टेकतात तिथं टॉर्च मारला तर खरंच डांबरानं लिहिलेला आकडा, "द ३".

म्हणजे खुणा दोन प्रकारच्या आहेत. पटाशीच्या रेघा वाडा पहिल्यांदा बांधला तेव्हाच्या, सुतार जमिनीवर जोडणी करून बघतो आणि मग कुठली कूस कुठल्या खाचेची हे चुकू नये म्हणून दोन्हीवर सारख्या रेघा मारतो. डांबराचे आकडे उतरवतानाचे, द म्हणजे दक्षिणेचा सोपा, पू म्हणजे पूर्वेचा, मा म्हणजे माजघर. मामा म्हणाले वडिलांना अक्षर तेवढंच यायचं, आकडे आणि दिशांची अक्षरं, बाकी सही पण अंगठ्याची.

मग संध्याकाळपर्यंत तेच केलं. मी शिडीवर, अण्णा खाली वही घेऊन. "द ३, रेघा तीन." "द ४, रेघा चार." अण्णांचं वय आता अडुसष्ट, वाडा उतरवला तेव्हा ते बावीस वर्षांचे होते, आणि मधेच एकदा वही खाली ठेवून म्हणाले ही मा २ मी आणि तात्यानं उचलली होती, ह्या खांद्यावर. मी तुळई मोजली, साडेअठरा फूट लांब, नऊ इंच बाय अकरा इंच, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या वरच भरेल. दोघांनी नसेल उचलली, चार-सहा जण असतील, पण मी काही बोलले नाही.

एक कोडं राहिलं. मा ४ नंबरच्या तुळईला खालच्या अंगाला दोन मोठ्या रिकाम्या खाचा आहेत, एकमेकींपासून सव्वादोन फुटावर. खांबाच्या खाचा असत्या तर पाच फूट नऊ इंच अंतर पाहिजे. झोपाळ्याच्या कड्याला एवढी खाच लागत नाही. अण्णांना माहीत नाही, मामांनाही नाही.

१४ जानेवारी २०२४

उद्या संक्रांत, कामाला कुणी नाही. मागच्या अंगणात चुन्यासाठी खड्डा खणून घेतला. कळीचा चुना आणून पाण्यात विझवायचा आणि निदान तीन आठवडे भिजत ठेवायचा. गवंडीभाऊ म्हणाले बाजारात पोत्यातली पावडर मिळते की, कशाला एवढा घोळ. मिळते, पण ओला मुरलेला चुना भिंतीवर वेगळाच बसतो. तीन आठवडे थांबायची माझी तयारी आहे.

४ फेब्रुवारी २०२४

माळवद उतरवायला सुरुवात. बाहेरच्यांना सांगायचं तर आमच्याकडं सोलापूरकडं कौलं कमी, घराला मातीचं सपाट छत. खाली तुळया, त्यावर आडव्या कड्या, त्यावर पाट किंवा फळ्या, मग तरवड-निर्गुडीच्या काटक्या आणि कडुलिंबाचा पाला, मग चिकट माती आणि सगळ्यात वर पांढरी. पांढरी म्हणजे जुन्या गावठाणाची माती, तिच्यातनं पाणी लवकर झिरपत नाही. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी वर नवी पांढरी पसरायची पद्धत.

इथंच गडबड झालीय, कारण दरवर्षी नवी टाकतात आणि जुनी कोणी काढत नाही. सोप्यावर आठ इंच पाहिजे तिथं दीड फूट थर निघाला. हिशोब केला तर दर चौरस फुटाला पासष्ट किलोच्या आसपास वजन, सोप्याचं छत २८ बाय १२, म्हणजे नुसत्या मातीचं बावीस टन ह्या लाकडावर बसलं होतं. दहा इंच काढली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या पाच खेपा झाल्या आणि संध्याकाळी मधल्या खांबाजवळची कडी, जी इतकी वर्षं करकरत होती, ती गप्प झाली. तात्या खाली कॉटवर बसून होते, तेच पहिले म्हणाले.

थर आडवा कापला तर कडेला रंग मोजता येतात. वरचे आठ-दहा थर पिवळट, ती इकडची माती. सगळ्यात खाली चार बोटं राखाडी पांढरी आणि तिच्यात खापरीचे बारके तुकडे, काचेच्या बांगडीचा एक तुकडा, कोळसा. आत्या आल्या होत्या, त्यांनी चिमूटभर उचलून बोटात चोळली आणि म्हणाल्या "ही तिकडची पांढरी. आबांनी गाड्या भरून आणलेली, लोक म्हणत होते आबा माती पण नेतोय." ती माती वेगळी काढून पोत्यात भरून ठेवली, तीस पोती. परत वरच्या थरात तीच घालायची.

१८ फेब्रुवारी २०२४

पश्चिमेची भिंत. आधी छताला लोखंडी जॅक आणि सागाचे टेकू लावून घेतले. तसं बघितलं तर ह्या घरात छताचं वजन भिंतीवर नाहीच, ते खांबांवर आहे, भिंत फक्त आडोसा. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला त्यात दगड-मातीच्या भिंती ढासळून माणसं गेली, पण बऱ्याच घरात लाकडी खणांचा सांगाडा मात्र उभा राहिला होता. आमच्या डिप्लोमाच्या सरांनी त्याचे फोटो दाखवले होते ते अजून डोळ्यासमोर आहेत, भिंत सगळी जमिनीवर आणि मधे खांब-तुळया जशाच्या तशा. त्यानंतर आमच्या भागात दगडमातीच्या घराची लोकांना भीतीच बसली आणि चांगली चांगली माळवदाची घरं पाडून लोकांनी स्लॅब टाकले. भीती खोटी नव्हती, पण इलाज दुसरा पण होता.

भिंतीनं पोट का काढलं तर अशा भिंतीत बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, आणि मधे खडी-माती भरलेली असते. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड नसला की मधली माती पावसात फुगते आणि बाहेरचा थर सुटत जातो. त्यात सिमेंटचा गिलावा, आतली ओल बाहेर जायलाच तयार नाही. गिलावा काढला तेव्हा मागचे दगड फेब्रुवारीतही ओले होते.

बाहेरचा थर उतरवताना दगडांच्या आतल्या तोंडाला चुन्याचा गुळगुळीत थर आणि त्यावर पिवडीचा रंग दिसायला लागला. म्हणजे वाड्यात जी बाजू खोलीच्या आत दिसायची ती इथं भिंतीच्या पोटात गेली. एका दगडावर खुंटी ठोकल्याचं भोक पण आहे.

आणि दुपारी दोनच्या सुमाराला भिंतीच्या मधल्या भरावातनं अर्धं जातं निघालं, खालची तळी, बरोबर मधनं फुटलेली, खुंट्याचं भोक अर्धं. गवंडीभाऊ बाजूला टाकत होते, मी थांबवलं आणि आत्यांना बोलावलं. आत्या जवळ येऊन खाली बसल्या. पदराच्या टोकानं माती पुसली, मग तळव्यानं वरनं हात फिरवला, टाकीच्या खाचा बऱ्याचशा झिजलेल्या. म्हणाल्या, "आईचं आहे. गाडीतनं उतरवताना पडलं. आई त्या दिवशी जेवली नव्हती." घर सुटलं, गाव सुटलं तेव्हा आजी रडल्याचं कुणी बघितलं नाही म्हणे, पण जात्याचं लागलं. आबांनी फुटलेलं जातं टाकून दिलं नाही, भिंतीत घातलं. दुसरा अर्धा भाग पण कुठं तरी असणार.

३ मार्च २०२४

दुसरा अर्धा भाग मिळाला नाही.

भिंत परत रचतोय. आडवं दर चार फुटाला आणि उभं दर दोन फुटाला एक आरपार दगड. जुन्या दगडांत एवढे लांब सातच निघाले, बाकीच्या जागी सळईचा आकडा घालून काँक्रीटचे तुकडे ओतून घेतले, किल्लारीनंतर घरं दुरुस्त करताना हीच पद्धत वापरली होती. आत मातीचाच माल ठेवला. बाहेरचे सांधे चुना, वाळू आणि सुरखीनं (विटांच्या भुकटीनं) भरतोय, पाण्यात गूळ आणि हिरडा भिजवून. रंगाची तोंडं असलेले दगड मी ह्यावेळी आतल्या बाजूला खोलीकडं वळवून लावायला सांगितले. गवंडीभाऊंनी एकदा विचारलं "नक्की? रंग मारणार ना वरनं?" नाही मारणार.

जातं देवघराच्या कोनाड्याखाली बसवलं, आत्यांच्या हातानं.

खिडक्यांवरच्या ठोकळ्यांचं पण कळलं. पश्चिमेच्या खिडक्यांवर सहा जाड ठोकळे आहेत ज्यांना दोन्ही टोकांना खिळ्यांची गोल भोकं आहेत, ते रेल्वेचे स्लीपर निघाले. उजनीचं पाणी येणार म्हणून भिगवण-डिकसळकडची जुनी लाईन हलवली, तेव्हा आबांनी ते कुठून तरी विकत घेतले. जुना रेल्वेचा पूल लोकांनी पुढं रस्त्याला वापरला, इंदापूर-करमाळ्याला जायला. त्या दोन-चार वर्षांत ह्या भागात कोणी काही वाया घालवलं नाही असं दिसतंय.

२४ मार्च २०२४

आज वादाचा दिवस. होळी आहे तरी सगळे घरी होते म्हणून विषय काढला.

मा १ ही मधली तुळई, उत्तरेच्या भिंतीतनं दीड फूट बाहेर आलीय. प्लॉट लहान म्हणून ती बाहेर आली आणि आबांनी ती कापू दिली नाही. पंचेचाळीस पावसाळे त्या टोकावर पडलेत. सुतारमामांनी टोचा लावला तर चार इंच आत गेला, लोण्यात गेल्यासारखा. मामांचं म्हणणं सरळ होतं, भिंतीला समांतर कापून टाकू, आतला खांब पक्का आहे, भार त्याच्यावरच आहे, बाहेरच्या टोकाचा काही उपयोग नाही. इंजिनिअरिंगच्या हिशोबानं ते बरोबरच होते आणि मी पण तेच म्हणाले.

अण्णा एकदम म्हणाले, करवत लावायची नाही.

मी समजावलं की कुजलेलं आत सरकत जातं, अजून दोन वर्षांनी खांबापर्यंत येईल. अण्णा ऐकेनात. मग तात्या बोलले, जे आठ दिवसात चार वाक्यांच्या वर बोलत नाहीत. म्हणाले त्या टोकाला खाली बघ काय आहे. बघितलं. टोकाच्या खालच्या अंगाला अर्धी जाडी कापलेली आहे, म्हणजे ते दुसऱ्या तुळईच्या टोकावर चढवून जोडायची जागा. वाड्यात पुढची तुळई तिथं जोडलेली होती. तात्या म्हणाले, "आबा म्हणायचे पोरांनी उद्या पुढं दोन खण वाढवले तर जोड कुठनं काढणार. म्हणून ठेवलंय." पुढची जागा मोकळी मिळेल, सरकार देईल, असं आबांना शेवटपर्यंत वाटायचं. मिळाली नाही. तिथं आता शेजाऱ्यांचा गोठा आहे.

मी बराच वेळ काही बोलले नाही. घरातल्या प्रत्येक रिकाम्या खाचेकडं मी आतापर्यंत काहीतरी गेल्याची खूण म्हणून बघत होते आणि ही एक खाच येणाऱ्या गोष्टीसाठी राखलेली होती.

शेवटी असं ठरलं की कुजलेलं काढायचं पण टोक परत करायचं, तेवढंच लांब, तोच जोड कापून. लाकूड घरातलंच. अण्णांनी स्वतः टोचा हातात घेतला, दोन-तीनदा दाबून बघितला, आणि म्हणाले बरं.

१० एप्रिल २०२४

काल पाडवा, आज काम. मामांनी कुजलेलं चौदा इंच उतरवलं आणि चांगल्या लाकडात लांब तिरकी खाच मारली, दोन फूट लांबीची, म्हणजे जुनं-नवं एकमेकांवर चढून बसतं. नवीन तुकडा एका फुटक्या चौकटीतनं काढला, ती चौकट पण वाड्याचीच. खिळे नाहीत, चार सागवानी खुंट्या. लाकूड रंध्यानं साफ केलं तेव्हा वास सुटला, शंभर वर्षांच्या वरच्या सागाला अजून तेलकट वास येतो, मामांनी भुगा मुठीत घेऊन मला हुंगायला दिला. म्हणाले नवीन सागाला हे नाही, ह्याच्यामुळंच वाळवी लागत नाही. (वाळवी बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला लागते, गाभ्याला सहसा नाही. आमच्या कड्यांत जिथं जिथं लागलीय तिथं सगळीकडं कडेचं पांढरंच खाल्लंय.)

टोकावर छोटा दगडी छज्जा बसवायचा. आबांनी तेवढं केलं असतं तर टोक टिकलं असतं.

७ मे २०२४

आज मतदान, काम बंद. बारामतीकडचेही आणि करमाळ्याकडचे म्हणजे माढ्याचेही एकाच दिवशी. मतदान करून अण्णा म्हणाले, पाणी फार खाली गेलंय, जुनं गाव उघडं पडलंय म्हणतात, जाऊया का.

१२ मे २०२४

गेलो होतो. हे जरा नीट लिहिते.

गेल्या वर्षी पाऊस कमी म्हणून धरण भरलंच नव्हतं, यंदा उजनी वजा पन्नासच्याही खाली. बाहेरच्या माणसाला धरण वजा कसं असतं ते कळत नाही. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला ६३ च्या वर मृतसाठा, टक्केवारी वरच्या उपयुक्त पाण्यावर मोजतात, ते संपलं की खाली वजा सुरू होतं. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ तर लांबूनच दिसत होतं, लोक बघायला येतात तिथं. आमच्या गावाकडं कोणी नव्हतं.

गाळाला बोटभर रुंद भेगा, त्यातनं अर्धा तास चाललो. शिंपले, जाळ्याचे तुकडे, मधेच बोरी-बाभळीची वाळलेली खोडं. अण्णा पुढं. मला सगळं सारखंच दिसत होतं आणि ते वेशीच्या दगडाला वळसा घालून, मारुतीच्या पाराला डावीकडं ठेवून, गल्लीतनं चालावं तसे वळणं घेत चालले होते, जिथं गल्ली नव्हती. एका ठिकाणी थांबले आणि चप्पल काढली.

जोतं होतं. दोन थर दगडांचे, गाळात बुडलेले पण कोपरा स्पष्ट. फावड्यानं वरचा गाळ बाजूला केला तर उथळे सापडले. चार. तेच चार. मी टेप लावला, मध्यापासून मध्यापर्यंत पाच फूट नऊ इंच. दुसरं अंतर, पाच फूट नऊ इंच. हात थरथरत होता म्हणून परत मोजलं.

नकाशा काढला होताच. त्यावरनं मा ४ कुठं असणार तो खण शोधला, तिथं तीन दगडी पायऱ्या निघाल्या, एकावर एक, वर काहीच नाही. अण्णा म्हणाले ती आईच्या तुळशीची जागा, पायऱ्यांवर कुंड्या असायच्या. पण पायऱ्यांची रुंदी मोजली तर सव्वादोन फूट. मा ४ च्या दोन खाचांमधलं अंतर तेवढंच. माझा अंदाज असा की तिथं कधीकाळी जिना होता आणि त्या खाचा जिन्याच्या दोन बाजूच्या लाकडांच्या, म्हणजे वाड्याला माडी होती आणि ती अण्णांच्या, कदाचित आबांच्याही जन्माच्या आधी उतरवली. अण्णांनी माडी कधी बघितली नाही. पायरीवर बसून बराच वेळ वर बघत राहिले.

उथळे न्यायचे का हा विषय निघाला. जॅकनं उचलता येतील, ट्रॅक्टर कडेपर्यंत येतो. घरात चार खांब सिमेंटच्या ठोकळ्यावर उभे आहेत त्याखाली बरोबर बसतील. मला फार वाटत होतं. जमीन आता सरकारची हा एक भाग. पण तात्या म्हणाले, "राहू दे. हे हललं तर पुढच्या उन्हाळ्यात घर कुठं होतं ते कशावरनं ओळखायचं." तिथंच ठेवले.

२२ मे २०२४

काल संध्याकाळी वाऱ्यात कुगावहून कळाशीला येणारी बोट उलटली. सहा जण गेले. आमच्या कामावरच्या दोघांची सोयरीक पलीकडं आहे. काम बंद ठेवलं.

धरणानं मधनं तोडलेली गावं अजून होडीतनंच ये-जा करतात, सोयरीक, बाजार, शाळा सगळं. रस्त्यानं गेलं तर मोठा वळसा. पंचेचाळीस वर्षं झाली.

९ जून २०२४

पाऊस आला आणि माळवद तीन दिवस आधी पूर्ण झालं होतं, म्हणून जीवात जीव. खाली कडुलिंबाचा पाला दाट, मग चिकट माती, वर तिकडची तीस पोती पांढरी, धुमसानं ठोकून. उतार वाढवून पन्हळीकडं काढला. पहिल्या जोराच्या पावसात सगळे सोप्यात बसून वर बघत होतो, एकही थेंब नाही.

७ जुलै २०२४

पालखी इंदापूरला येतेय, मामा दिंडीत गेले, आषाढीनंतर भेटू म्हणाले. पाथरवटाकडनं चार नवीन उथळे घेतले. जुन्यांवर कमळाच्या पाकळ्या आहेत, तो म्हणाला तशा काढून देतो. नको म्हटलं, साधे चौकोनी घ्या. बघणाऱ्याला कळलं पाहिजे की हे चार मागनं आलेत. त्याच कारणानं रिकाम्या खाचा पण कुठंच भरल्या नाहीत, फक्त साफ करून तेल लावलं. पॉलिशवाला म्हणत होता लांबी (पुट्टी) भरून एकसारखं करू, त्याला दोनदा सांगायला लागलं.

खुणांची यादी पूर्ण झाली, एकशे बारा लाकडं. दोन प्रती काढल्या, एक देवघरात तांब्याच्या नळीत आणि एक माझ्याकडं.

११ ऑगस्ट २०२४

धरण भरलं. गच्चीवरनं म्हणजे माळवदावरनं बघितलं तर जिथं आम्ही मे महिन्यात चप्पल काढून उभे होतो तिथं सगळं पाणीच पाणी, वर बगळे. अण्णांनी बोटानं दाखवलं, त्या दोन बाभळींच्या रेषेत.

मा १ चं टोक कोरडं आहे, छज्जा काम करतोय. पश्चिमेची भिंत आतनं हाताला कोरडी लागते, पिवडीचा रंग उजेडात चांगला दिसतो. लाकूडवाल्याचा परत फोन आला होता, तात्यांनीच उचलला आणि नाही म्हणाले.

राहिलेलं: बळदाचं (धान्याच्या कोठीचं) दार, दोन खिडक्यांचे गज, मागच्या पडवीची फरशी. आणि पन्हळीचं पाणी जोत्यावर पडतंय, ती पाच-सहा इंच पुढं ओढायला लागणार, पत्र्याचं माप घेऊन ठेवलंय, पुढच्या रविवारी.